सीडीचं तोंड

मासळीला वास येतो हे मला कोणी शिकवायला नको. मी दांडीची, तारापूरजवळच्या कोळ्यांच्या गावातली. घराच्या मागे बोंबील वाळत घातलेले, पुढे जाळी पसरलेली, त्यातच मी लहानाची मोठी झाले. पण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे वारा फिरला की डोळे चुरचुरतात आणि नाल्याचं पाणी आज लाल तर उद्या पिवळं वाहतं, तिथल्या एका ऑफिसात बसून कोणी माझ्याकडे बघत नाकाला रुमाल लावावा, हे मला तेव्हा सहन झालं नाही आणि आज लिहितानाही होत नाही. तो नाला कुठे जातो? आमच्याच खाडीत. तिथली मासळी यांनी मारायची आणि वर वास आमचा यांना यायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझं बी. कॉम. झालं होतं, बोईसरला स्टेशनाजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता. रंगाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या ऑफिसात मला ऑपरेटरची जागा मिळाली. तात्पुरती. माझ्याआधी तिथे दोन मुली येऊन गेल्या होत्या. कायम करायची वेळ आली की काहीतरी खुसपट काढायचं आणि घरी पाठवायचं, ही तिथली रीत. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. घरी बाबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपत्तर कायम झालीस तर नोकरी कर. नाय झालीस तर मुरब्याची मानसं थांबलीत, त्यांना हो म्हनतो." मुरब्याची माणसं म्हणजे त्या गावाहून मला बघायला आलेलं स्थळ. मुलगा वाईट नव्हता. पण मला ती खुर्ची हवी होती. पगारापेक्षाही, माझ्या जिवावर मी मिळवलेली ती पहिलीच गोष्ट होती म्हणून हवी होती.

आईला हे न सांगता कळलं होतं. मी नोकरीला लागल्यापासून तिनं मला मासळीला हात लावू दिला नाही. टोपलीजवळ गेले तरी ओरडायची, "नको गो हात लाव! सकालची बस पकडायची हाय तुला." ती स्वतः बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायची आणि मला कामावर जाताना तिच्याजवळ थांबायचीही बंदी होती. कोणी बघितलं तर, म्हणून. मला याचा राग यायचा, पण तिच्यावर काय रागावणार.

ऑफिसचे मालक मुंबईचे. सगळे त्यांना शेठ म्हणत. ते अधूनमधून यायचे, सह्या करायचे आणि गाडीची वेळ झाली की निघायचे. बाकीचं राज्य मामांचं. मामा म्हणजे शेठच्या बायकोचे सख्खे मामा, घाटावरून इकडे आलेले, कपाळाला गंध, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डाव्या तळहातावर सदानकदा तंबाखू. चुना लावून ती मळायची, थापटायची आणि मग बोलायचं. त्यांच्या परवानगीशिवाय त्या ऑफिसात टाचणीसुद्धा हलायची नाही.

कॉम्प्युटरसाठी काचेची केबिन होती. आत यायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवळात जातात तशा. मशीनला प्लास्टिकचं फुलाफुलांचं पांघरूण. ते मी सकाळी काढायचे आणि संध्याकाळी घालायचे. मामा आत आले की मशीनपासून हातभर लांब उभे राहायचे. त्यांनी त्याला कधी बोटही लावलं नव्हतं.

मशीनबरोबर एक सीडी आली होती. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि आमच्या मशीनचे, आमच्या प्रिंटरचे ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे मशीननं प्रिंटरशी कसं बोलायचं ते मशीनला शिकवणारं सॉफ्टवेअर. ते नसेल तर प्रिंटर म्हणजे टेबलावर बसवलेला मुका पाहुणा. मशीन बसवायला आलेल्या मुंबईच्या इंजिनिअरनं जाताना मला बजावलं होतं, "मॅडम, या सीडीतले ड्रायव्हर डी ड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि फ्लॉपीवरही घ्या. तुमची हवा खारी, सीडीचा भरवसा नाही. उद्या सी ड्राइव्ह पुसायची वेळ आली तरी डी तसाच राहतो." डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. काम अर्ध्या तासाचंही नव्हतं.

पण सीडी मामांच्या कपाटात. लाल कापडात बांधून, चेकबुकांच्या शेजारी.

मी मागायला गेले. "मामा, सीडी हवी होती जरा. ड्रायव्हरची नक्कल करून ठेवायचीय."

"ड्रायव्हरची नक्कल?" मामांनी तंबाखू थापटली. "आपला ट्रकवाला एक आहे तोच पुरे झालाय." बाजूचे दोघे हसले. मीही हसले, कारण काम करून घ्यायचं होतं. मग समजावून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ पोरी, तो अस्सल माल आहे. आपण त्याचे पैसे मोजलेत. नक्कल निघाली की अस्सलाला कोण विचारतो? आणि रोज रोज फिरवली तर झिजेल ती."

"रोज नाही मामा, एकदाच."

"एकदा एकदा म्हणत माणूस सवय लावून घेतो."

पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी नवं उत्तर. कधी किल्ली घरी राहिली, कधी आज अमावास्या. एकदा तर म्हणाले, "एवढी घाई का? तू कुठे पळून चाललीस, की मशीन चाललंय?" मी गप्प बसले. त्या कारखान्यात मी किती वेळा गप्प बसले असेन त्याची आठवण काढली तरी आज दात करकरतात.

मग दसरा आला. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून पूजेला मांडायची पद्धत. रिअॅक्टरला माळ, पंपाला माळ, वजनकाट्याला माळ. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही माळ घातली. तिथवर ठीक होतं, मीच सुंदर गुंफली होती. नंतर मामांनी कपाटातून ते लाल कापड काढलं. सीडी बाहेर काढून चांदीच्या तबकात ठेवली. पाठ वर, चकाकणारी बाजू खाली. क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि उलटी केली. चकाकणारी बाजू वर. वाटीत तेलात कालवलेलं कुंकू होतं. त्यात बोट बुडवलं.

"मामा, त्या बाजूला नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "त्या बाजूनं वाचते ती. दुसऱ्या बाजूला लावा ना."

मामा माझ्याकडे न बघता शांतपणे म्हणाले, "चकाकतं ते तोंड. कुंकू तोंडाला लावतात, पाठीला नाही." आणि त्या चकचकीत वर्तुळावर त्यांनी अंगठ्याएवढं स्वस्तिक काढलं. वर हळद, अक्षता, एक झेंडूची पाकळी. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, काय करणार! आरती झाल्यावर मामांनी खांद्यावरच्या उपरण्यानं ते कुंकू गोल गोल पुसलं. आता तेलाचा तो पातळ तवंग सगळ्या सीडीवर पसरला. मग ती लाल कापडात, कापड कपाटात, आणि कपाटाला कुलूप.

हे सगळ्यांनी बघितलं होतं. अख्ख्या ऑफिसनं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी बोईसरला विजेचा नेहमीचा खेळ झाला. गेली, आली, गेली, आली, आणि मशीन उठेचना. इंजिनिअरला बोलावलं. त्यानं तपासून सांगितलं की सी ड्राइव्ह पुसून सिस्टीम नव्यानं घालावी लागेल. "सीडी द्या तुमची."

मामांनी किल्ल्या खुळखुळवत कपाट उघडलं. सीडी आत गेली. फिरायला लागली, घरघरली, थांबली, परत घरघरली. पडद्यावर पाटी आली की डिस्क घाला. घातलेलीच होती. इंजिनिअरनं आपल्या बॅगेतली सीडी घालून बघितली, ती लगेच वाचली गेली. सिस्टीम त्यानं त्याच्याच सीडीवरून घातली. पण आमच्या प्रिंटरचे ड्रायव्हर फक्त आमच्या सीडीत. प्रिंटर मुका झाला. आणि प्रिंटर मुका म्हणजे मालाबरोबर जाणारे तपासणीचे दाखले नाहीत, चलनं नाहीत. फाटकात ट्रक उभे राहिले.

इंजिनिअरनं सीडी उजेडात धरली. "हिच्यावर काहीतरी तेलकट लागलंय."

मला वाटलं, आता मामाच म्हणतील, अरे हो, पूजा केली होती. माणूस होते, वयानं मोठे होते, मला खरंच तसं वाटलं. मामांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि म्हणाले, "तेलकट असणारच. हिच्या घरी दुसरं काय असतं? मासळीचेच हात. कितीदा माझ्याकडे मागत होती, एकदा घेतली असेल मी नसताना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, किल्ली तुमच्या कमरेला. सीडीला माझं बोटसुद्धा लागलेलं नाही. दसऱ्याला तुम्ही कुंकू लावलंत, सगळ्यांसमोर!"

"म्हणजे?" मामांनी आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "पूजेनं वस्तू बिघडते म्हणतेस तू?"

बस. आता मी मामांच्या विरुद्ध उरले नव्हते, देवाच्या विरुद्ध झाले होते. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांनी त्या तबकासमोर माझ्याबरोबर हात जोडले होते, ते खाली बघत होते. एकानंही तोंड उघडलं नाही. मामांपेक्षा माझा राग आजही त्या खाली घातलेल्या मानांवर जास्त आहे. मामा निदान मला ढळढळीत तोंडावर बोलले.

इंजिनिअर नवी सीडी मागवतो म्हणाला, पण यायला वेळ लागेल म्हणाला. मामांनी ती जुनी सीडी माझ्या टेबलावर टाकली. "ठेव आता तुझ्याजवळच. हवी होती ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनच्या दाराशी स्टुलावर एक बशी ठेवलेली दिसली. बशीत लाल साबणाची कोरी वडी, बाजूला घडी केलेला नॅपकिन. शिपाई उत्तरेकडचा, भला माणूस. माझी नजर चुकवत म्हणाला, "मॅडम, मामाजी ने बोला है. मशीन को हाथ लगाने से पहले."

मी बशी बघत उभी राहिले. माझ्या आईनं कित्येक महिने मला मासळीला हात लावू दिला नव्हता. घरात मासळी असून माझी आई मला मासळीपासून लांब ठेवत होती, या माणसांसाठी. आणि हे मला साबण देत होते. दुपारी शेठ आले, बशीवरून त्यांची नजर गेली, काय समजायचं ते समजले आणि मला म्हणाले, "दाखले हातानं लिहायला घ्या तोवर." साबणाबद्दल अवाक्षर नाही. दिवाळी तोंडावर होती. माझं खुसपट यांना मिळालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन खाली गेले. मी गेले नाही. जेवण जाणारच नव्हतं. टेबलावरची सीडी उचलली, उजेडात धरली. नीट बघितलं तर हळदीची पिवळट झाक दिसत होती, आणि मध्ये अंगठ्याएवढ्या स्वस्तिकाची एक फिकट रेघसुद्धा. मग दारातली साबणाची वडी घेतली आणि बेसिनवर गेले. नळ बारीक सोडला. साबणाचा फेस केला आणि त्या चकाकत्या तोंडावर बोटाच्या पेरानं हलकेच चोळला. फेस गुलाबी झाला. पाणी सोडलं, परत फेस, परत पाणी. मग माझ्या ओढणीच्या मऊ टोकानं आतून बाहेर, आतून बाहेर टिपत कोरडी केली. ओढणीला केशरी डाग पडला.

सीडी मशीनमध्ये घातली. फिरली. घरघरली नाही. एकापाठोपाठ एक फोल्डर पडद्यावर उघडत गेले.

मी वेळ घालवला नाही. पहिल्यांदा ड्रायव्हरचा अख्खा फोल्डर डी ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग ड्रॉवरमधल्या कोऱ्या फ्लॉप्या काढून त्यांच्यावरही उतरवला, एक भरली की दुसरी. एवढंसंच तर काम होतं. यासाठी मी आठवड्यामागून आठवडे या माणसाच्या दारात उभी होते. मला आनंद झाला नाही, रागच आला. इतकं सोपं काम कोणी आपल्या हातात येऊ देत नाही तेव्हा ते अडवणं कामासाठी नसतंच.

नंतर प्रिंटर जोडला आणि एक दाखला सोडला. प्रिंटर किंचाळला. त्या आवाजाला एरवी सगळे कंटाळायचे, त्या दिवशी धावत वर आले. शेठ आले, मागून मामा, हात पुसत. कागद सरकत बाहेर येत होता.

"वा!" शेठ म्हणाले. "कसं काय जमलं?"

मी उत्तर देणार इतक्यात मामांना ओली वडी दिसली. ती मी परत बशीत ठेवली होती. मामा खूश झाले. खरोखर खूश झाले, चेहरा फुलला त्यांचा. "बघा, मी काय सांगत होतो! हात धुतले आणि चाललं."

दोघेतिघे हसले. मोकळं, सुटकेचं हसू. सगळं आता जागच्या जागी बसलं होतं त्यांच्यासाठी.

"हात नाही धुतले मामा," मी म्हणाले. "तुमचं कुंकू धुतलं. ही बघा ओढणी. मासळी केशरी असते का?"

हसू बंद झालं. ओढणी मी सगळ्यांसमोर धरली होती आणि कोणालाही तिच्याकडे बघायचं नव्हतं. शेवटी शेठनी घड्याळाकडे बघितलं. ते माणूस म्हणून कसे होते हे मला आजही सांगता येणार नाही, पण धंदा त्यांना कळत होता. ट्रक सुटणार होते. "पुरे," ते म्हणाले. "मामा, हिची कायमची ऑर्डर करून टाका. आजच. मला साडेपाचची गाडी आहे."

कायमच्या ऑर्डरचा कागद टाइप करायचा तर ऑफिसात टाइप करणारी मीच. मीच बसले. मामा हातभर लांब उभे राहून जुन्या कागदावरून मजकूर सांगू लागले, इंग्रजीत, मी टाइप करू लागले. नाव, पद, पगार, रजा. सगळं झालं. मग मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जुन्या कागदावर नसलेलं एक कलम सांगितलं. यंत्राला हात लावण्याआधी सदर कर्मचाऱ्यानं हात स्वच्छ धुणं बंधनकारक राहील.

मी हात मांडीवर घेतले.

"काय झालं?"

"हे मी टाइप करणार नाही."

"मग ऑर्डर नाही."

मी शेठकडे बघितलं. शेठ बॅग बंद करत होते. "कोणीही करा टाइप," ते वैतागून म्हणाले, "पण आटपा."

मी खुर्चीवरून उठले. "मामा, वाक्य तुमचं आहे. तुम्ही टाइप करा."

मला खात्री होती की ते सोडून देतील. ज्या माणसानं मशीनला कधी बोट लावलं नाही, जो झिजेल म्हणून सीडी काढू देत नव्हता, तो एका वाक्यासाठी काय बसणार! पण मामा बसले. माझ्या खुर्चीत. तळहातावरची तंबाखू तोंडात टाकली, हात एकमेकांवर झटकले आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. एक सापडलं. दाबलं. पडद्याकडे बघितलं. दुसरं शोधायला लागले. कपाळावर घाम आला होता. शेठ दारात घड्याळ बघत होते, सगळं ऑफिस काचेबाहेर उभं होतं, आणि तो म्हातारा माणूस दात आवळून, एकेक अक्षर हुडकत, माझ्या हातांबद्दलचं ते वाक्य लिहीत होता. त्यांना त्या मशीनवर दुसरं काहीही लिहायचं नव्हतं. पुढे कधी लिहिलंही नाही.

प्रिंटर किंचाळला. शेठनी न वाचता सही केली आणि पायऱ्या उतरले. मी वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं आणि खाली सही केली. ऑर्डर माझी होती, ती मी त्या एका वाक्यापायी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांघरूण काढलं तर कीबोर्डवर जागोजाग चुन्याचे पांढरे ठिपके आणि तंबाखूचा चुरा. आदल्या दिवशी एवढी माणसं काचेबाहेर उभी होती, दारातली बशी त्यांच्या शेजारीच स्टुलावर होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही मामांना साबण दाखवावासा वाटला नव्हता. मी फडकं ओलं करून एकेक बटण पुसलं आणि कामाला बसले. आता मला तिथून कोणी उठवू शकत नव्हतं.